मागचं डावं चाक आणि मी

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस उरले होते आणि माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून खडखड आवाज येत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं ज्याला वाटेल त्याला माझी अक्का माहीत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण मंजुळाबाई. धुळ्याच्या अलीकडे फागण्याला दिलेली. वय एकसष्ट. तिला तीन नातवंडं आहेत आणि घरचे सगळे तिला वचकून असतात. पण आखाजीला माहेरी जायचं तर भावानं न्यायला यायला हवं, यात तिच्या लेखी काडीचा बदल झालेला नाही. आई गेली त्या वर्षी ती आली नाही. पुढच्या वर्षी माझं प्रशिक्षण निघालं. गेल्या वर्षी मी येतो म्हणालो आणि ऐनवेळी आमच्या कॉलेजात तपासणी समिती टपकली. अक्का सकाळपासून पिशवी भरून ओट्यावर बसली होती आणि संध्याकाळी माझा फोन गेला. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, भाच्यानं सांगितलं. तेव्हापासून तिचा दीर झुलाल येता-जाता तिला विचारतो, "वहिनी, औंदा तुना भाऊ येस का त्याना फोनच येस?"

हे वाक्य वर्षभर माझ्या छातीत रुतून बसलं होतं. म्हणून यंदा मी महिनाभर आधीच शब्द दिला. अक्कानं फक्त एक अट घातली. "बसवर येवू नको. गाडी लिसन ये. बठ्ठी गल्लीले दिसाले जोयजे." सगळ्या गल्लीला दिसायला हवी म्हणजे हवीच.

गाडी मी मागच्या नवरात्रात घेतली. रावेरचे केळीचे व्यापारी बन्सीलालभाऊ यांनी वापरलेली, पांढरी, एसी लावला की पिकल्या केळ्यांचा वास येणारी. दसऱ्याला तिची यथासांग पूजा केली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हत्यारांना कुंकू लावलं आणि 'यंत्र हेच आजच्या माणसाचं शस्त्र' या विषयावर माझी बायको सारिका हिला दहा मिनिटं समजावून सांगितलं. मी भौतिकशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक आहे. गेली सव्वीस वर्षं जळगावच्या एका कॉलेजात मुलांना व्हर्निअर आणि लोलक काढून देतो आणि तास संपल्यावर मोजून परत घेतो. प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझ्या हस्ताक्षरात एक पाटी आहे: 'उपकरण वापरून झाल्यावर जागच्या जागी ठेवावे.' प्राचार्य चार बदलले, पाटी तीच आहे. तेव्हा यंत्रांबद्दल बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, असं मी समजत होतो.

तर आवाज सुरू व्हायच्या दोन दिवस आधी मी पहूरला एका लग्नाला गेलो होतो. एकटाच, कारण सारिकेला त्याच दिवशी दुसरं लग्न होतं. येताना पहूर ओलांडलं आणि मागचं डावं चाक बसलं. दुपारचे दोन, डोक्यावर चैत्रातलं ऊन. मी डिकी उघडली. स्टेपनी होती, जॅक होता, पण चाकाचे नट उघडायचा पाना नव्हता. सगळी डिकी उलथी केली, पाना नाही. शेवटी एक ट्रॅक्टरवाले आबा थांबले. त्यांच्याकडचा पाना माझ्या नटांना अंमळ मोठा होत होता. त्यांनी त्यात माझ्या रुमालाची चिंधी कोंबली आणि चाक बदलून दिलं. जाताना म्हणाले, "एवढ्यानं घरी जाशान भाऊ. पन घरी गेले का बराबर मापाचा पाना लाईसन पक्कं आवळून घ्या."

मी मान हलवली. घरी येईपर्यंत हा प्रसंग माझ्या मनात बराच सुधारला होता. सारिकेला सांगताना त्यात आबा नव्हते, चिंधी नव्हती आणि पाना तर अर्थातच होता. "स्वतः बदललं चाक. बारा मिनिटांत," मी म्हणालो. ती म्हणाली, "शर्ट धुवायला टाका." आता पाना नाही हे घरात बोलायची सोय राहिली नाही, आणि पक्कं आवळायचं राहिलं.

तिसऱ्या दिवसापासून खडखड. गाडी जागची हलली की सुरू, वेग वाढला की जोरात, थांबली की गप्प. पार्किंगमध्ये मी वाकून चाकाकडे बघत असताना समोरच्या प्रज्ञाताई ड्युटीवर निघाल्या होत्या. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत. स्कूटीवरून न उतरताच म्हणाल्या, "अमृतदादा, परवा चाक बदललं ना? नट ढिले असतील. हात लावून बघा."

मी हसलो. एखादं मूल 'सूर्य कुठे झोपतो' विचारतं तेव्हा हसतो तसं हसलो. "ताई, इतकं सोपं नसतं ते. आणि चाक मी स्वतः बसवलंय."

"तेच म्हणते मी," असं म्हणून त्या निघून गेल्या.

इथंच प्रकरण संपायला हवं होतं. पण ते नट तपासायचे म्हणजे माझं स्वतःचं काम तपासायचं, आणि तेही नसलेल्या पान्यानं. त्यापेक्षा मी शास्त्रीय पद्धत स्वीकारली. वही घेतली. निरीक्षण एक: आवाज मागून, डावीकडून. निरीक्षण दोन: चाकाच्या एका फेऱ्याला बरोब्बर एक 'खड'. हे मोजण्यासाठी मी टायरवर खडूनं खूण केली आणि सारिकेला गाडी चालवायला लावून शेजारून पळत गेलो. तिसऱ्या फेऱ्यानंतर माझीच बेरीज चुकायला लागली, पण निरीक्षण पक्कं होतं. कोणाही शहाण्या माणसानं यावरून दोष चाकात आहे असा निष्कर्ष काढला असता. मी मात्र खोलात जाणारा माणूस असल्यामुळे चाक सोडून बाकी सगळ्याचा विचार केला.

मग मी आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. हे मी का केलं ते आजही मला सांगता येणार नाही. दहा मिनिटांत चौदा निदानं आली. कोणी सायलेन्सर म्हणालं, कोणी बेअरिंग. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्योत्स्नावहिनींना तो आवाज त्यांच्या मिक्सरचा वाटला आणि त्यांनी मिक्सर कुठे दुरुस्त होतो ते विचारलं. त्यावर आणखी नऊ उत्तरं आली आणि माझं चाक वर सरकून दिसेनासं झालं. एकानं सल्ला दिला की डिकीत काहीतरी लोळत असेल, आधी डिकी रिकामी करा. मी केली. डिकीतून एक छत्री, सारिकेनं प्रज्ञाताईंकडून आणून परत न केलेला स्टीलचा डबा, बन्सीलालभाऊंच्या काळातले केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे आणि माझी हरवलेली चप्पल एवढं निघालं. डबा ओळखीचा वाटल्यामुळे ताईंनी तो वरच्या गॅलरीतूनच मागितला. आवाज जसाच्या तसा होता.

आता गाडी जॅकवर उचलून खालून बघायचं ठरवलं. जॅक लावला तोच सेक्रेटरी ज्ञानेश्वरनाना आले. नाना भूमी अभिलेखातून निवृत्त झाले आहेत, पण भूमी अभिलेख नानांमधून निवृत्त झालेलं नाही. म्हणाले, "पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीला बंदी आहे. ठराव क्रमांक अकरा."

"दुरुस्ती नाही नाना, नुसती तपासणी आहे."

"मग तपासणीसाठी अर्ज द्या."

मी अर्ज लिहिला. विषय: वाहनाचे मागील डावे चाक तात्पुरते उचलण्यास परवानगी मिळणेबाबत. नानांनी तो दोनदा वाचून त्रुटी काढल्या. चाक जमिनीपासून किती इंच उचलणार? किती वेळ? शेजारच्या दोन्ही पार्किंगधारकांच्या संमतीच्या सह्या कुठे आहेत? एक शेजारी पाचोऱ्याला लेकीकडे गेले होते. दुसऱ्यांनी सही दिली, पण 'उजवे चाक उचलल्यास हरकत राहील' असा शेरा मारला. नानांनी अर्ज फायलीला लावला आणि आखाजीनंतरच्या सभेत ठेवतो म्हणाले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. परवानगी मिळाली असती तर चार लोकांसमोर पाना काढावा लागला असता.

तो पाना आता माझ्या डोक्यात बसला. मला खात्री पटली की बन्सीलालभाऊंनी गाडी विकताना तो काढून घेतला. प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं चोर पकडलेत, माणूस ओळखता येतो मला. घराबाहेर जिन्यात उभं राहून मी त्यांना फोन लावला आणि विश्वास, व्यवहार आणि रावेर तालुक्याची अब्रू या तिन्ही विषयांवर बोललो.

ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "भाऊ, आख्खी गाडी इकली मी तुमाले. तो पाना ठीसन मी काय केयीचे घड उतरवू का?"

"ते तुमचं तुम्हाला माहीत."

"आमच्या गाडीसंगं एक पाना पाठवून देतो जयगावले. पन मनात राग नका ठू."

"मला उपकार नकोत, मला माझा पाना हवाय," असं म्हणून मी फोन ठेवला. माझं बोलणं मला फार आवडलं. जिन्यात ऐकायला कोणी नव्हतं याचं वाईट वाटलं.

शेवटी गाडी हिलालकडे नेली. हिलाल मेकॅनिकचं गॅरेज अजिंठा रोडला आहे, माणूस भला आणि हुशार. कोणीही गेलं की तो आधी गाडीभोवती एक चक्कर मारतो, मगच बोलतो. माझ्या बाबतीत त्याला चक्कर मारता आली नाही, कारण मी वही उघडून वाचायला सुरुवात केली होती. कंपनसंख्या, अवमंदन, अनुनाद. शेवटी म्हणालो, "एकूण निष्कर्ष असा की मागच्या डाव्या शॉकअपचं वरचं रबर गेलंय."

हिलालनं मान खाली घातली. तो आमच्याच कॉलेजात अकरावीला होता आणि माझ्याकडून दोनदा लोलक फोडल्याबद्दल बोलणी खाल्लेला होता. "सर, मी एकदा चाक—"

"चाकाला हात लावायची गरज नाही. ते मी स्वतः बसवलंय."

"तुम्ही म्हणता तर तसं करू सर." डिकीच्या आतून त्यानं ते रबर बदललं, जुनं काढून माझ्या हातात दिलं. ते जवळजवळ नवं दिसत होतं. मी म्हणालो, बघ, आतून झिजलंय. गाडी गॅरेजबाहेर काढली आणि चौकापर्यंत आवाज आला नाही, कारण चौकापर्यंत बँडवाले होते. त्यांच्यानंतर लगेच आला. परत जाऊन हिलालला तोंड दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी अक्काला आणायला जायचं होतं. सारिका म्हणाली, "बसनं जा ना. अक्कांना काय सांगायचं ते मी सांगते." मला तिची भीती समजत होती. पण पुन्हा एक फोन? पुन्हा ती भरलेली पिशवी? झुलालचं वाक्य आठवलं आणि मी गाडी काढली.

सकाळी सातला निघालो. पंचवीसचा वेग धरला. चौपदरी रस्त्यावर पंचवीसनं जाणारा माणूस लोकांच्या चटकन डोळ्यांत भरतो. एरंडोलच्या आधी एका मोटारसायकलवाल्यानं शेजारी येऊन माझ्या मागच्या चाकाकडे बोट दाखवलं आणि काहीतरी ओरडला. मी काच न उतरवता हात हलवला. आवाजाची कल्पना आहे, निदान झालेलं आहे, असं मला म्हणायचं होतं. पारोळ्याजवळ एका टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून हातानं चाक डुलतं तसा अभिनय केला. त्यालाही हात केला. पुढं एसटीच्या खिडक्यांतून पाच-सहा जण एकदम बोटं दाखवू लागले तेव्हा मला वाटलं, आखाजीचे दिवस आहेत, माणसं आनंदात आहेत.

फागण्यात शिरलो तेव्हा खडखडीला एक नवा, धडाधड असा सूर लागला होता. गल्लीतली माणसं ओट्यांवर आली. अक्काला दिसायला हवं होतं त्याहून कितीतरी जास्त गल्ली जमली. झुलाल कमरेवर हात ठेवून उभा होता. अक्का नवं लुगडं नेसून, पिशवी पायाशी ठेवून ओट्यावर बसलेली होती. मला बघून तिचा चेहरा असा उजळला की मी रस्ताभर बाळगलेली सगळी भीती विसरलो.

पण ती माझ्याकडे आली नाही. ती सरळ गाडीच्या मागं गेली. उभा जन्म बैलगाडीत आणि ट्रॉलीत काढलेली बाई. वाकली, दोन्ही हातांनी चाक वरून धरलं आणि एक हिसका दिला. चाक पडायला आलेल्या दातासारखं हाललं. तिनं नटांवरून बोट फिरवलं. चारातला एक नट जागेवर नव्हताच. उरलेले तीन तिच्या नुसत्या बोटांनी फिरत होते.

ती उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. झुलालनं तोंड उघडलं. काय येणार ते मला ठाऊक होतं आणि ते मी कमावलेलंही होतं. पण अक्का आधी बोलली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "माना भाऊले बठ्ठं मालूम शे. रस्तामा नट पडना, तरी तो थांबना नही, माले लेवाले उना. इतला लांब सावकाश लई उना गाडी. झुलाल, देखी का राह्यना? पाना आन!"

झुलाल मुकाट्यानं पाना आणायला गेला.

मग तिनं मला आत नेलं, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि दाराआड उभी राहून रडायला लागली. "येडा शे का रे तू? चाक निंघी जातं म्हंजे? तीन साल वाट देखी मी, ती काय अशी येवासाठे?"

मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी तिला पहूरपासून सगळं सांगितलं, आबा आणि चिंधीसकट. चिंधीशी आल्यावर ती रडता रडता हसली. बाहेर आलो तर झुलाल तीन नट आवळून आणि चौथ्या जागी दुसऱ्या चाकाचा एक काढून लावून उभा होता, आणि मला समजावू लागला की हे काम कुणीही करू शकतं. पंधरा मिनिटं समजावत होता. ऐकून घेतलं.

परतीच्या वाटेवर गाडीतून आवाज आला नाही. म्हणजे चाकाचा आला नाही. अक्का धुळ्याच्या हद्दीपासून जळगावपर्यंत आखाजीची गाणी म्हणत होती.

घरी दारातच केळ्यांची दोन खोकी होती. बन्सीलालभाऊंच्या गाडीनं टाकली होती. वर एक नवा पाना सुतळीनं बांधलेला होता आणि पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'राग नका ठू.' सारिका म्हणाली, "हा पाना कशाला पाठवला त्यांनी?" मी म्हणालो, "असंच. व्यवहारी माणूस."

अक्का पाय धुऊन देवघराकडे गेली. आईचे देव तिथंच आहेत, त्यामुळे माहेरी आल्यावर ती आधी तिथं डोकं टेकते. तिथूनच तिनं हाक मारली.

"भाऊ, हाऊ कोनता देव शे रे?"

मी आत गेलो. बाळकृष्णाच्या मागं, भिंतीला टेकून, लाल कापडावर एक वाकडी लोखंडी मूर्ती उभी होती. तिला कुंकवाचे इतके थर चढले होते की लोखंड दिसत नव्हतं. गळ्यात लाल दोरा, पायाशी सकाळचं ताजं फूल. वरच्या टोकाला खोलगट तोंड होतं. त्या तोंडात माझ्या गाडीच्या चाकाचा नट बरोब्बर बसला असता.

"ते ह्यांचं दसऱ्याचं शस्त्र आहे," सारिका माझ्यामागून म्हणाली. "मी सांगेपर्यंत हलवायचं नाही, असं ह्यांनीच सांगितलं होतं. मग मी रोज फूल वाहते. का? काय झालं?"

सात महिने. माझ्या डोळ्यांपुढे ती पाटी आली. उपकरण वापरून झाल्यावर जागच्या जागी. बन्सीलालभाऊ आले, रावेर तालुक्याची अब्रू आली. खोक्यातल्या केळ्यांचा वास घरभर सुटला होता.

अक्का खाली बसून इतकी हसली की तिला श्वास लागला. सारिकेला सगळं कळलं तेव्हा ती हसली नाही. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि ते अजून चालू आहे. प्रज्ञाताईंना दुसऱ्या दिवशी कळलं. आखाजीची गोड सांजोरी घेऊन आल्या होत्या, देवघरात डोकावून म्हणाल्या, "पेशंट बरा झाला वाटतं." बन्सीलालभाऊंना मी फोन केला. माफी मागायला मला चार वाक्यं लागली आणि त्यांनी तिसऱ्याच वाक्याला केळी गोड निघाली का ते विचारलं.

आखाजी झाली. सोसायटीच्या अंगणातल्या झोक्यावर अक्का एकसष्टाव्या वर्षी उभ्यानं झुलली. पाचव्या दिवशी मी तिला पोचवायला फागण्याला गेलो, चार नट नीट आवळून. निघताना मी देवघरातला पाना उचलून डिकीत टाकत होतो, तर तिनं तो माझ्या हातातून घेतला, कुंकू पुसलं आणि आपल्या पिशवीत लुगड्यांच्या घडीत ठेवला.

"अक्का, तो गाडीत लागतो."

"रावेरवालानी धाडेल शे ना एक? तो ठेव गाडीमा. हाऊ मानाकडे ऱ्हाई." तिनं पिशवीचे बंद ओढले. "पुढली आखाजीले लेवाले ये."

"तुला?"

"पानाले," अक्का म्हणाली. "मी येसूच त्यानासंगे."